बांध पाहून येतो

श्रावण सरत येतो, सकाळच्या उन्हात एक पिवळसर नितळपणा दिसू लागतो, बाजारात केवडा आणि दूर्वांच्या जुड्या यायला अद्याप अवधी असतो, आणि तेवढ्यातच माझ्या मनावर जे मळभ हळूहळू चढू लागते त्याविषयी मी आजवर कोणापाशी अवाक्षर काढलेले नाही. कारण ज्या मोसमात मराठी माणसाने, त्यातून कोकणातल्या माणसाने, हर्षभरित असावे असा अलिखित दंडक आहे, त्या मोसमात गावच्या घरी जाण्याच्या नुसत्या विचाराने आपल्याला शीण येतो हे कबूल करणे म्हणजे देवद्रोह आणि कुलद्रोह अशा दोन कलमांखाली एकदम आरोप ओढवून घेणे आहे. वस्तुतः मी नास्तिक नाही, आणि घरच्या माणसांवर माझा रोषही नाही. एकेकटे भेटले तर त्यांतले बहुतेक जण मला प्रिय आहेत. चुलतभावाबरोबर बंदरावरच्या धक्क्यावर तास दोन तास बसावे, आत्याच्या खाटेशी बसून तिच्या सांधेदुखीची साद्यंत हकीकत ऐकावी, यात मला कधीही कंटाळा आलेला नाही. परंतु हीच माणसे एका छपराखाली पाच दिवस एकत्र आली, आणि त्या पाच दिवसांत कोणी कोणाच्या दृष्टीआड म्हणून व्हायचे नाही असा संकेत पडला, की तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या अंगातले त्राण असे काही निघून जाते की आरतीला टाळ धरायलाही हात जड वाटावा.

आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात, खाडी सोडून चढ चढून वर गेले की लागणाऱ्या एका वाडीत आहे. खोतीच्या अमदानीत ते बांधले गेले, आणि त्या काळी वसुलाच्या निमित्ताने येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता असल्यामुळे ओटी प्रशस्त, पडवी त्याहून प्रशस्त, आणि स्वयंपाकघर तेवढे काळोखे व अरुंद, अशी त्याची घडण आहे. ज्यांनी घर बांधले त्यांना स्वयंपाकघरात बसावे लागत नव्हते, हे त्या घडणीवरून कोणाही परक्या इसमाने ओळखावे. 1949 च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर चढल्या, आणि झाले ते न्यायाचेच झाले, असे आमच्या घरात निदान माझे तरी मत आहे. मागे राहिले ते घर, त्याच्या पाठीमागचे सुपारीचे आगर, ओढ्याकाठचा भाताचा मळा, आणि सातबाऱ्यावर दर पिढीगणिक लांबत जाणारी नावांची रांग. वारसतपास होऊन फेरफार मंजूर होईतो पुढचा वारस जन्माला आलेला असतो.

इरावतीबाई कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध केला, त्यात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे त्यांनी दिली आहेत ती मला नेहमी आमच्या घराकडे पाहताना आठवतात. एका छपराखाली राहणे, एका चुलीवर शिजलेले खाणे, मालमत्ता सामाईक असणे, पूजाअर्चा एकत्र असणे आणि परस्परांशी विशिष्ट प्रकारचे नाते असणे, अशी ती लक्षणे आहेत. ती लावून पाहू गेले तर आमचे छप्पर अद्याप एक आहे खरे, पण गणपती आणि शिमगा सोडला तर त्याखाली थोरले चुलतभाऊ दादा आणि वहिनी यांच्याखेरीज कोणी राहत नाही. चुली मुंबई, पुणे, बडोदे करीत करीत सातासमुद्रापार पांगल्या. आणि मालमत्ता सामाईक आहे म्हणूनच तिच्यासंबंधीचा दिवाणी दावा एका शाखेने दुसऱ्या शाखेवर लावलेला असून तो तारखांमागून तारखा घेत सुखाने चालू आहे. राहता राहिली पूजा. जे एकत्रपण एके काळी वर्षभर, रोजच्या रोज, कोणाच्या ध्यानीमनीही न येता थोडे थोडे पार पडत असे, ते सगळे आता भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून पाच दिवसांत उरकून घ्यायचे असते: वर्षाची माया, वर्षाची विचारपूस, वर्षाची भांडणे, मुलांना वळण लावणे, सुनांची पारख, म्हाताऱ्यांची सेवा आणि एकमेकांच्या उत्कर्षाचा हिशेब. माणसे वाईट म्हणून शीण येत नाही. वर्षाचे काम पाच दिवसांत आटपायचे म्हणून येतो. सरकारी कचेरीत उभा जन्म काढल्यामुळे मार्चअखेरीच्या वसुलीचा मला अनुभव आहे, आणि घरच्या गणपतीत मला नेमका तोच वास येतो.

त्यात प्रवास. पूर्वी राज्य परिवहनच्या लाल गाडीतून कशेडीचा घाट उतरताना पोरांच्या ओकाऱ्या काढीत आम्ही येत असू. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली तेव्हा हे हाल संपले अशी आमची समजूत झाली. ते हाल संपले आणि आरक्षणाचे सुरू झाले. पूर्वी 120 दिवस आधी तिकिटे मिळत, आता 60 दिवस आधी मिळतात. म्हणजे आषाढातच पहाटे उठून कोणीतरी घड्याळाकडे डोळे लावून बसायचे, आणि काही मिनिटांत यादी भरली की घरात सुतक पडल्यागत बसायचे. त्याविषयी अधिक लिहीत नाही. ज्यांनी भोगले आहे त्यांना ते ठाऊक आहे.

घराच्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच पहिला प्रश्न येतो, "आलास? परत कधी जाणार?" या प्रश्नात जा असे सुचवण्याचा हेतू नसतो, उलट लवकर जाऊ नये असाच असतो, हे मला आता कळते; पण तिथून जी जबानी सुरू होते ती विसर्जनापर्यंत तहकूब होत नाही. प्रकृती कशी आहे, पोट का सुटले, किंवा मागल्या खेपेस पोट होते ते कुठे गेले, जागेचे काय झाले, मुलाचे कुठवर आले, सून नोकरी सोडणार की नाही, नातवाला मराठी वाचता येते का. हे प्रश्न एकाने विचारून भागत नाही. काका ओटीवर विचारतात, आत्या माजघरात विचारतात, धाकटे चुलतभाऊ न्हाणीघराच्या दाराशी विचारतात, आणि प्रत्येकास उत्तर नव्याने, ताज्या उत्साहाने द्यावे लागते. शिवाय रात्री सगळ्या बायका माजघरात आणि सगळे पुरुष ओटीवर आडवे झाले म्हणजे दिवसभराच्या जबान्या ताडून पाहिल्या जातात, आणि सकाळी आत्यांना सांगितले ते आणि दुपारी काकांना सांगितले ते यांत तिळमात्र तफावत आढळली, की त्यावर स्वतंत्र चौकशी बसते. एका वर्षी मी एकापाशी मुलगा "ठाण्याला राहतो" म्हणालो आणि दुसऱ्यापाशी "ठाण्याला निराळा राहतो" म्हणालो. त्या एका विशेषणाने पुढचे दोन दिवस खाल्ले.

गंमत अशी की या चौकशीत दुष्टावा औषधालाही नसतो. माझ्या आत्यांना माझी खरोखर काळजी आहे. अडचण निराळीच आहे. शहरात मी जो कोणी आहे, म्हणजे नोकरीत चार बरी-वाईट माणसे सांभाळलेला, काही ग्रंथ वाचलेला, पत्नीच्या आजारपणात रात्री जागवलेला असा जो मी आहे, त्याला त्या घरात रहदारीचा परवानाच नाही. तिथे मी सत्तरी ओलांडली तरी बापूंचा धाकटा, बेडकाला घाबरून चुलीच्या खोलीत दडून बसलेला पोर. ही बेडकाची गोष्ट दर वर्षी सांगितली जाते. घरात नवी सून आली असेल तर पुनश्च आरंभापासून सांगितली जाते, तिच्यात दर वर्षी बेडूक किंचित मोठा होतो, आणि सांगून झाली की सगळे माझ्याकडे पाहतात, तेव्हा मी लाजून हसायचे असते. मी हसतो. ते हसू आणण्यास जे बळ लागते त्याची जमाखर्चात कुठे नोंद होत नाही, एवढेच.

आणि जे दावा लढवीत आहेत त्यांची कथा तर माझ्याहून कठीण. उत्सवाची पाळी दर वर्षी एकेका शाखेकडे जाते. ज्याची पाळी त्याने गणपतीचा पाट गणपतीच्या शाळेत वेळेवर नेऊन द्यायचा, मूर्तीचे पैसे द्यायचे, भटजींची दक्षिणा, भजनी मंडळींच्या उसळी-चहाचा खर्च आणि माटीला बांधायच्या सामानाची जुळणी करायची, अशी वहिवाट आहे. वर छताला टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला कवंडळे, आंब्याचे टाळे, सुपारीचे घोस, तेरडा आणि शहाळी बांधताना एक भाऊ शिडीवर उभा असतो आणि दुसरा खालून एकेक जिन्नस वर देत असतो, आणि या दोघांची नावे वादी-प्रतिवादी म्हणून एकाच कागदावर असतात. शिडी धरायला तिसरा कोणी लागतो, कारण परस्परांवर तेवढा भरवसा राहिलेला नाही. संध्याकाळी तेच दोघे एकाच ओळीत उभे राहून मंत्रपुष्पांजलीचे उच्च स्वर लावतात. कोणी म्हणेल, पाहा, देवाने भाऊबंदांस एकत्र आणले! मी त्या ओळीत उभा राहून त्यांच्या मानेच्या ताठलेल्या शिरा पाहिलेल्या आहेत. त्यांना आरती संपून हात धुण्याच्या निमित्ताने परसात निघून जायचे असते, आणि परसात आधीच पोरांनी फटाके लावलेले असतात.

मग पूर्वी हे सारे कसे निभावत होते, असा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःस विचारला आहे. कारण माझ्या लहानपणी याच घरात आजच्याहून अधिक माणसे जमत, जागा तेवढीच होती, वीज नव्हती, आणि प्रश्न तर याहून बोचरे असत. विचार करता मला असे वाटू लागले आहे की जुन्या घराने माणसांना एकत्र आणण्याची जेवढी व्यवस्था केली होती, तेवढीच, आणि तितक्याच दक्षतेने, त्यांना एकमेकांपासून दूर होऊ देण्याचीही केली होती. आणि तिची नावे धार्मिक असल्यामुळे ती व्यवस्था आहे हे कोणाच्या लक्षात येत नसे. आजी सोवळ्यात असली म्हणजे तिला कोणी शिवायचे नाही, तिच्याशी कामाखेरीज बोलायचे नाही; म्हणजे सकाळचे चार तास घरातल्या सर्वांत मोठ्या बाईभोवती एक अदृश्य भिंत उभी असे. चातुर्मासात कोणी मौनाने जेवण्याचा नेम धरी. थोरले काका हा नेम न चुकता धरीत, आणि ते पंक्तीतले सर्वांत कमी धार्मिक गृहस्थ होते हे आठवले म्हणजे त्यांच्या धूर्तपणाचे आज मला कौतुक वाटते. जप होता, पोथी होती, दुपारची वामकुक्षी होती. पुरुषांची ओटी आणि बायकांचे माजघर अशी फाळणी होती, ती अन्यायाची होती यात शंका नाही, पण तिने दोन्ही बाजूंना दुसऱ्या बाजूच्या नजरेतून सुट्टी मिळे. बायकांनी महिन्यातून तीन दिवस बाहेर बसण्याच्या प्रथेचे समर्थन कोणी शहाण्या माणसाने करू नये, मीही करीत नाही. ती अपमानाचीच होती. तरी आजी म्हातारपणी सांगे की, "उभ्या जन्मात मला पाठ टेकायला मिळाली ती त्या तीन दिवसांत." विश्रांतीसाठी बाईला अपवित्र व्हावे लागत होते, हे त्या व्यवस्थेवरचे सर्वांत कठोर भाष्य म्हणावे लागेल, आणि ते आजीने कोणाला दोष न देता केले.

आजोबांची युक्ती सर्वांत साधी होती. जेवणे झाली, पाने उचलली गेली, ओटीवर पानाचे तबक फिरू लागले आणि गप्पांस रंग चढू लागला की ते उठत, कोपऱ्यातले इरले डोक्यावर घेत, हातात काठी घेत आणि कोणाकडेही न पाहता म्हणत, "मळ्यात बांध पाहून येतो." भाद्रपदातला पाऊस, भात पोटरीत आलेले, अशा वेळी बांध फुटला तर पीक जाते हे खरेच होते, त्यामुळे त्या उद्गारास हरकत घेण्याजोगे काही नव्हते. ते दिवेलागणीला परतत. बांध धड होता की फुटला होता हे मी कोणी त्यांना विचारलेले ऐकले नाही. एकदा मी हट्टाने त्यांच्यामागे गेलो. मळ्याच्या वरच्या अंगाला फणसाखाली एक सपाट कातळ होता, त्यावर ते इरले पाठीशी लावून बसले, काठीच्या टोकाने त्यांनी पाटातला पाचोळा जरा सारला, पाणी वाहू लागले, पुन्हा अडले, पुन्हा सारला. बांधाकडे त्यांनी पाहिलेही नाही. बऱ्याच वेळाने ते मला म्हणाले, "आता तू आलायस तर गप्प बस." मी बसलो. ते रागावलेले नव्हते. घरात ते माझ्याशी जेवढ्या ममतेने बोलत त्याहून अधिक ममता त्या वाक्यात होती, असे मला आज वाटते.

आज बांध पाहून येतो असे कोणी म्हणाले तर चार जण "चला, आम्हीपण येतो" म्हणून उठतात, आणि त्यांतला एक छायाचित्रे काढतो. मळा आता कसतच नाही, तेव्हा निमित्तही खोटे ठरते. सोवळे गेले, बाहेर बसणे गेले, ओटी-माजघराची फाळणी पुष्कळशी गेली, आणि जायलाच हवी होती. परंतु त्यांच्याबरोबर, आंघोळीच्या पाण्यासंगे मोती वाहून जावा तशी, माणसाने कारण न देता नाहीसे होण्याची सोयही गेली. तिच्या जागी आनंदाची सक्ती आली. आता सकाळी सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालायचे असतात, दुपारी गाण्यांच्या भेंड्या, संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम, रात्री जुन्या आठवणींचा कार्यक्रम. आणि जो सांगितलेल्या वेळी तिथे दिसत नाही त्याचा मोबाईल वाजू लागतो. पूर्वी एकटे बसलेल्या माणसाला लोक जप करतोय असे समजून सोडून देत. आता एकटे बसलेल्या माणसाजवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून, हलक्या आवाजात विचारतात, "काय झालं? कोणी काही बोललं का?" म्हणजे एकांत हा एक तर आजार असावा लागतो नाही तर राग. परवा एका पुतणीने मला थेट सांगितले की काकांना बहुधा नैराश्य आले आहे, कोणाला तरी दाखवायला हवे. मी फक्त पडवीच्या टोकाला बसून पाऊस पाहत होतो.

इथवर मी जे लिहिले ते पुरुषाच्या शिणाविषयी लिहिले, आणि त्याला एक मोठी उणी बाजू आहे. चतुर्थीच्या सकाळी ओटीवरच्या चौकशीतून अंग चोरून मी स्वयंपाकघरात शिरलो, तेव्हा वहिनी उकड मळीत होत्या. पितळी परातीत वाफाळणारी पिठी, शेजारी वाटीत तेलपाणी; त्यात बोटे बुडवायची आणि चटका सोसत तो गोळा मळायचा, कारण उकड निवली की पारी चिरते. मग लिंबाएवढा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने त्याची पातळ वाटी करायची, गूळखोबऱ्याचे सारण भरायचे, आणि बोटांच्या चिमटीने कळी शेजारी कळी उभी करीत सगळ्या कळ्या वर मिटवून टोक काढायचे. वहिनींच्या बोटांची टोके लाल झाली होती, आणि त्या माझ्याकडे न पाहता भराभर मोदक हळदीच्या पानावर ठेवीत होत्या. मी म्हणालो, "एकवीस झाले की पुरे करा ना वहिनी."

"एकवीस देवाचे हो भाऊजी. तुम्हा सगळ्यांचे कोण करणार?"

मी पाटावर बसलो आणि, काही तरी सहानुभूतीचे बोलावे म्हणून, या गर्दीने मलाही कसे थकायला होते ते सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुम्ही कंटाळलात की पडवीत जाऊन बसता. मी कंटाळले तर कुठे जाऊ, सांगा बघू. माडीवर जाऊन पडले तर खालून हाका, वहिनी कुठायत, चहा टाकायचाय, दुधाचं भांडं कुठलं. आणि तुम्ही पडवीत बसता तेव्हा तुमचा चहा तिथं कोण आणून देतं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि त्यांनी ते अपेक्षिलेही नव्हते. पुढच्या गोळ्याला त्यांनी अंगठा लावला होता. आपल्या संतचरित्रांत माणसांच्या गर्दीतून निसटण्याच्या कथा थोड्या नाहीत. समर्थ रामदास लग्नाच्या मंडपातून "सावधान" हा शब्द ऐकताच निघून गेले असे सांगतात, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबमेळाव्यातून इतक्या निर्णायकपणे उठून गेलेला दुसरा मनुष्य महाराष्ट्राच्या स्मरणात नाही. पण अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले हे आपण पोरपणी कीर्तन ऐकताना कधी विचारले नाही. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, आणि जिजाबाई भाकरी घेऊन उन्हातून डोंगर चढून जात, असे परंपरा सांगते. तिच्या तोंडाळपणाच्या गोष्टी आपण पिढ्यान्पिढ्या हसत सांगत आलो. डोंगराचा चढ मात्र आपण मोजला नाही. आजोबांचे इरले कोपऱ्यात कोरडे करून कोण ठेवीत होते, हेही मला त्या दिवशी स्वयंपाकघरातच प्रथम सुचले.

तरी बायकांनीही काही वाटा शोधून ठेवल्या होत्या, आणि त्यांतली एक अजून शाबूत आहे. आमच्याकडे गौरी खड्यांच्या असतात. अनुराधा नक्षत्रावर पाणवठ्यावरून खडे वेचून आणायचे, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा, आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. माहेरवाशीण म्हणून जिचे एवढे कौतुक तिलाही आपल्या शास्त्रकारांनी तिसऱ्या दिवशी घरी पाठवले आहे, आणि तिचा मुक्काम तिच्या किंवा यजमानांच्या आग्रहावर न ठेवता नक्षत्रांवर सोपवला आहे, यातला व्यवहारीपणा मला दर वर्षी नव्याने पटतो. दीड दिवसाच्या गणपतीलाही मी हल्ली मोठ्या आदराने नमस्कार करतो. तर गौर आणणारीने विहिरीवरून घरापर्यंत मुक्याने यायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे बोलण्याचा मोह झाला तरी बोलता येऊ नये, अशी आमच्या घरची चाल आहे. दोन-दोन सुना घरात असताना, गुडघे दुखत असताना, हे काम वहिनी अजून कोणाला देत नाहीत. मला वाटे, मानाचा हट्ट असेल. त्या दिवशी मोदकपात्राचे झाकण लावताना त्याच म्हणाल्या, "गौर आणायला मी दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही, ठाऊक आहे ना? सबंध गणपतीत तेवढाच वेळ मला कोणी काही विचारलं तरी उत्तर द्यायला नको."

पुढल्या वर्षी पाळी आमच्या शाखेची आहे. त्या दृष्टीने मी सर्व भाऊबंदांस, दाव्यातल्या दोन्ही पक्षकारांसह, एक पत्र धाडले आहे, त्यातला मजकूर असा. नारळ खवणे, वाटप वाटणे, खरकटी काढणे आणि दुपारचा चहा ही कामे पुरुषांकडे राहतील, आणि ती कशी करायची हे विचारायला कोणी स्वयंपाकघरात बायकांकडे जाणार नाही. दुपारी जेवणे झाल्यापासून चार वाजेपर्यंत माडी बायकांच्या स्वाधीन राहील, आणि त्या अवधीत जिन्याखालून हाक मारण्यास मनाई आहे. पगार, वजन आणि लग्न या तीन बाबींवरील चौकशी बंद. बेडकाची गोष्ट एकदाच, आणि तीही मीच सांगेन. जो कोणी "बांध पाहून येतो" म्हणेल त्याच्या, किंवा तिच्या, मागे कोणी जाऊ नये, आणि परत आल्यावर बांधाची खबर विचारू नये. वहिनींना या पाच दिवसांत जेव्हा वाटेल तेव्हा त्यांनी तोंडात पाणी धरावे. ज्यांना येणे जमणार नाही, किंवा जमत असूनही यावेसे वाटणार नाही, त्यांनी कारण कळवण्याची आवश्यकता नाही. वर्गणी तेवढी चतुर्थीच्या आत पोचती करावी.

ज्या वाचकांकडे यंदा उत्सवाची पाळी असेल त्यांनी हा मसुदा नावे बदलून खुशाल वापरावा. त्याला स्टँप लागत नाही.